चंद्रपूर-गडचिरोलीच्या भूमीतील जीवाश्मांचे प्ररूप नमुने : नाव, चिठ्ठी आणि स्थळ

प्रस्तावना :

एखाद्या प्राण्याला शास्त्रीय नाव देणे आणि ते नाव टिकवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नाव कागदावर दिले जाते. ते टिकते मात्र संग्रहालयाच्या कपाटात जपून ठेवलेल्या एका विशिष्ट वस्तूच्या आधारावर. ती वस्तू म्हणजे एखादी कातडी असेल, कवटी असेल, पेंढा भरलेला पक्षी असेल किंवा दगड झालेला मणका असेल. प्राण्यांच्या नामकरणशास्त्रात तिला प्ररूप नमुना असे म्हणतात.

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे वाघ, साग, बांबू आणि कोळसा यांसाठी सर्वपरिचित आहेत. परंतु या जिल्ह्यांच्या मातीतून गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे जीवाश्म बाहेर आले, त्यांपैकी काहींना जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात प्ररूपाचा मान मिळाला आहे, ही बाब खुद्द या जिल्ह्यांतही फारशी ठाऊक नाही. त्याचे कारण साधे आहे. नमुने येथे नाहीत. ते लंडन आणि कोलकाता येथे गेले. येथे उरली ती स्थळे. वरोरा तालुक्यातील पिसदुरा व डोंगरगाव आणि सिरोंचा तालुक्यातील कोटा या तीन गावांच्या आधारे प्ररूप नमुन्याचे नाव, त्यावरची चिठ्ठी आणि तो जेथे सापडला ते स्थळ यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा, हा मराठी विश्वकोशाने रूढ केलेला संकेत येथे पाळला आहे. नित्याच्या बोलण्यात 'प्रजाती' हा शब्द सर्रास दुसऱ्या अर्थाने वापरला जातो. वाचकांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

प्ररूप म्हणजे नमुनेदार नव्हे :

प्ररूप नमुन्याविषयी सर्वाधिक आढळणारा गैरसमज असा, की तो त्या जातीचा उत्तम, पूर्ण वाढलेला, सर्व लक्षणे दाखवणारा प्रतिनिधी असतो. वस्तुतः तसे काहीही बंधन नाही. प्ररूप नमुना पिल्लाचा असू शकतो, मोडका असू शकतो, त्याचा बहुतांश भाग हरवलेला असू शकतो. त्याचे कार्य एकच : नावाला वस्तूशी बांधून ठेवणे. पुढे कधी वाद उद्भवला, की हे नाव नेमके कोणत्या प्राण्याचे, तर त्याचे उत्तर मूळ वर्णनातील शब्दांत शोधले जात नाही. त्या वस्तूत शोधले जाते. वर्णन करणाऱ्याची दृष्टी चुकू शकते, त्याच्या काळाचे ज्ञान अपुरे असू शकते. हाड मात्र होते तेच राहते, आणि दीडशे वर्षांनंतर नव्या साधनांनी पुन्हा पाहता येते.

एकच नमुना प्ररूप म्हणून निश्चित केला असेल तर त्यास होलोटाइप म्हणतात. १ जानेवारी २००० पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेच्या चौथ्या आवृत्तीनुसार नवी जाती प्रस्थापित करताना प्ररूप स्पष्टपणे नेमणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाणार हे नमूद करणे आवश्यक झाले. एकोणिसाव्या शतकात असे बंधन नव्हते. तेव्हाचे अभ्यासक समोर आलेल्या हाडांचे वर्णन करीत, चित्र छापीत आणि नाव देऊन मोकळे होत. हाडे पुढे कोठे गेली याची नोंद कधी राही, कधी राहत नसे. पिसदुऱ्याची कथा त्याच काळात सुरू होते.

पिसदुरा : दोन मणक्यांवर उभे राहिलेले नाव

नागपूर येथे १८४५ साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे धर्मप्रचारक होते, शिक्षक होते आणि त्याबरोबरच अत्यंत चिकाटीचे भूशास्त्र-अभ्यासक होते. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी नागपूरपासून दक्षिणेकडे पसरलेल्या प्रदेशातील खडक व जीवाश्म धुंडाळले. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या मांगली येथील दगडातून मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिला 'ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स' हे नाव दिले. 'डायनोसॉर' या शब्दाचे जनक ते हेच ओवेन. हिस्लॉप १८६३ साली नदीच्या पुरात वाहून गेले; प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून ते परतत होते.

वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव शास्त्रीय वाङ्मयात आले तेही हिस्लॉप यांच्याच काळात. येथील शेतांत लमेटा नावाच्या थराची माती उघडी पडते. जबलपूरजवळील नर्मदेच्या लमेटाघाटावरून हे नाव पडले. दख्खनच्या पठाराला आकार देणारा लाव्हा पसरला त्याच सुमारास, म्हणजे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वी, हा थर साचला. नांगराने किंवा पावसाने माती उकलली, की त्यातून हाडांचे तुकडे आणि प्राण्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे वर येतात. या गोळ्यांना विष्ठाश्म म्हणतात. त्यांच्याकडे पुढे वळायचे आहे.

भारतातील पहिल्या नामांकित डायनोसॉरची हाडे मात्र पिसदुऱ्याची नव्हेत. ठगांच्या बंदोबस्तामुळे इतिहासात गाजलेले विल्यम स्लीमन यांना ती १८२८ साली जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर मिळाली. ती हातोहात फिरत कोलकात्यास पोहोचली, आणि सुमारे अर्धशतकानंतर, १८७७ साली, रिचर्ड लायडेकर यांनी तीतील शेपटीच्या मणक्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी, १८७९ साली, त्यांनी पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांना 'टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी' म्हटले. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या गौरवार्थ हे नाव होते. जबलपूरचा मणका दोन्ही बाजूंनी चेपल्यासारखा, पिसदुऱ्याचा नळकांड्यासारखा गोल. एवढा फरक लायडेकर यांना दोन जाती वेगळ्या ठरवण्यास पुरेसा वाटला. त्या काळी तो पुरेसा होताही.

या मणक्यांचे ज्या लक्षणाने लक्ष वेधले ते असे : मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागची बाजू चेंडूसारखी फुगीर, जेणेकरून एका मणक्याचा चेंडू पुढच्याच्या वाटीत बसावा. १८७७ साली लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांमध्ये हे अपूर्व होते. परंतु पुढील शतकात अशा रचनेचे मणके जगभर सापडू लागले आणि जो तो त्यांना टायटॅनोसॉरस म्हणू लागला. अर्जेंटिना, युरोप, मादागास्कर, भारत आणि लाओस एवढ्या दूरदूरच्या भूभागांतून आणि सुमारे सहा कोटी वर्षांच्या कालावधीतून या प्रजातीच्या चौदा जाती नोंदल्या गेल्या. जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी २००३ साली या साऱ्यांची फेरतपासणी केली तेव्हा निष्कर्ष स्पष्ट होता. जे लक्षण एकेकाळी एका प्राण्याची ओळख होते ते आता शेकडो प्राण्यांच्या एका मोठ्या गटाचे सामाईक लक्षण झाले होते. प्ररूप मणके तेच होते, पण त्यांच्यावरून आता कोणताही एक प्राणी ओळखता येत नव्हता. म्हणून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' आणि 'टायटॅनोसॉरस ब्लॅनफर्डी' ही दोन्ही संदिग्ध नावे ठरली.

येथे एक मौज आहे. प्रजातीचे नाव गेले, त्यावर आधारलेले कुलाचे नावही सोडून द्यावे असे या अभ्यासकांनी सुचवले. परंतु 'टायटॅनोसॉरिया' हे त्याहून मोठ्या गटाचे नाव मात्र आजही निर्वेधपणे वापरात आहे, कारण त्या पातळीवरील नावांना प्ररूपाचा नियम लागू होत नाही. मूळ पुरुषाचे नाव वंशावळीतून खोडले गेले आणि घराणे त्याच्याच नावाने चालू राहिले, असा हा प्रकार आहे.

पिसदुऱ्याच्या बाबतीत झालेले नुकसान अधिक थेट होते. फ्रीडरिश फॉन ह्यूने आणि चार्ल्स मॅटली यांनी १९३३ साली मध्यप्रांतातील डायनोसॉरांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पिसदुऱ्याची काही हाडे मादागास्करमधील एका जातीकडे सोपवली होती. भारत आणि मादागास्कर यांचा भूसंबंध केव्हापर्यंत होता यासारखे प्रश्न अशा सुट्या हाडांच्या ओळखीवर विसंबून असतात. ओळख सैल, तर त्यावर रचलेले अनुमानही सैल.

डोंगरगाव : एका प्राण्याची पासष्ट नोंदी असलेली हाडे

पिसदुऱ्याजवळच डोंगरगावची टेकडी आहे. या गावाचे नाव शास्त्रज्ञांना अपरिचित नव्हते. आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ साली येथील लमेटा थरातील माशांच्या जीवाश्मांचे वर्णन केले होते, आणि त्यांतील एका माशाच्या नावात, 'इओसेरॅनस हिस्लॉपी' यात, हिस्लॉप यांचे नाव गुंफले होते. परंतु डोंगरगावचे खरे महत्त्व १९८० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने तेथे केलेल्या उत्खननाने प्रस्थापित झाले.

सांख्यिकी संस्थेचा आणि डायनोसॉरांचा संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडेल. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पुराजीवशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांना आमंत्रित केले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली संस्थेत भूशास्त्राचा विभाग उभा राहिला. प्राणहिता व गोदावरीचे खोरे हे या विभागाचे पहिले कार्यक्षेत्र होते. सिरोंच्याच्या परिसरातील पोचमपल्ली येथून मिळालेल्या हाडांवरून १९७५ साली 'बारापासॉरस टागोरी' हा ज्युरासिक काळातील महाकाय डायनोसॉर नामांकित झाला, तो याच विभागाच्या कष्टांचे फळ होता. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. आणि हाडे खणून काढली गेली ती रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, म्हणून टागोरी. शास्त्रीय लॅटिनमध्ये बंगालीचा असा प्रवेश विरळाच.

डोंगरगावी जे मिळाले ते पिसदुऱ्याच्या सुट्या मणक्यांहून सर्वस्वी वेगळे होते. मान, पाठ, त्रिकास्थी आणि शेपूट यांचे मणके, बरगड्या, कमरेची हाडे, खांद्याचे हाड आणि पुढच्या पायाची हाडे, ही सारी एकाच प्राण्याची आणि एकत्र. दंडाचे हाडच सुमारे दीड मीटर लांब. कवटी आणि मागचे पाय मात्र मिळाले नाहीत. सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली त्याचे सविस्तर वर्णन करून 'टायटॅनोसॉरस कोल्बर्टी' असे नाव दिले. अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ एडविन कोल्बर्ट यांचा त्यात गौरव होता. होलोटाइप संस्थेच्या संग्रहालयात 'आर ३३५' या क्रमांकाखाली १ ते ६५ अशा नोंदींनी ठेवला गेला.

पुढे २००३ साली टायटॅनोसॉरस या प्रजातीचा आधारच निखळला तेव्हा तिच्याखाली नोंदलेल्या चौदा जातींपैकी बहुतेकांची अवस्था निराधार झाली. डोंगरगावच्या प्राण्याची झाली नाही. त्याची मान तुलनेने आखूड, पुढचे पाय लांब, मणक्यांची ठेवण स्वतःची. दुसऱ्या कोणाशी त्याची गल्लत होण्याचा संभव नव्हता. म्हणून विल्सन व अपचर्च यांनी केवळ प्रजातिनाम बदलले आणि त्यास 'आयसीसॉरस कोल्बर्टी' म्हटले. 'आयसी' ही सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. नाव बदलले तरी होलोटाइप तोच, त्याचे क्रमांक तेच, आणि जातिनामही तेच.

अवघ्या काही किलोमीटरांच्या परिसरातील दोन गावे, एकच थर, एकाच गटातील प्राणी. एका गावाचे नाव ज्या प्ररूपावर बसवले तो बळकट म्हणून ते टिकले, दुसऱ्याचे टिकले नाही. यात लायडेकर यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर जे आले त्यावर त्यांनी काम केले. परंतु शेतात सापडलेला एकुलता एक मणका उचलून नेणे आणि तो जेथे सापडला तेथे बाकीचे हाड आहे का हे पाहणे, या दोहोंतील अंतर किती आहे, हे या दोन नावांच्या दैवावरून उघड होते.

पिसदुऱ्याचे नावही शास्त्रातून पुसले गेले असे मात्र नव्हे. जैन यांनी १९७७ साली येथील एका कासवाच्या कवटीवरून 'पिसदुरेन्सिस' हे जातिनाम दिले होते. त्याचे प्रजातिनाम नंतर बदलत गेले. वॉल्टर जॉइस व बंद्योपाध्याय यांनी २०२० साली ती कवटी पुन्हा तपासली आणि आता ते कासव 'जैनेमिस पिसदुरेन्सिस' म्हणून ओळखले जाते. वर्णनकर्त्याचे आडनाव आणि गावाचे नाव एकत्र नांदत आहेत. २०११ साली वर्णन झालेल्या 'मॅड्ट्सोइया पिसदुरेन्सिस' या सर्पाच्या नावातही हे गाव आहे.

कोटा : चिठ्ठीचा प्रवास

प्ररूप नमुन्यासोबत एक कागदाची चिठ्ठी असते. नमुना कोणी, कोठे, केव्हा मिळवला हे तीवर लिहिलेले असते. चिठ्ठीविना नमुना म्हणजे पत्ता हरवलेले पत्र. चिठ्ठी जपली तरी तीवरील स्थळनाम काळाच्या ओघात परके होते, याचे उत्तम उदाहरण सिरोंचा तालुक्यातील कोटा हे गाव.

प्राणहितेच्या डाव्या तीरावरील या गावच्या चुनखडीत चकचकीत खवल्यांच्या माशांचे जीवाश्म मिळाले. कर्नल साइक्स यांनी १८५१ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात त्यांची माहिती दिली. सोबत फिलिप एजर्टन यांनी केलेले वर्णन होते. माशाचे नाव ठेवले गेले 'लेपिडोटस डेक्कनेन्सिस', म्हणजे दख्खनचा लेपिडोटस. कोटा पाहिलेल्या कोणासही हे नाव विचित्र वाटेल. सागाच्या आणि मोहाच्या रानातील हे नदीकाठचे गाव दख्खनच्या पठारावर नाही. परंतु १८५१ साली तो मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि लंडनहून पाहणाऱ्यास निजामाचे राज्य म्हणजे दख्खन.

सिरोंचाचा प्रदेश निजामाने १८६० साली इंग्रजांच्या स्वाधीन केला. तो प्रथम अप्पर गोदावरी जिल्ह्यात होता; १८७४ साली तो जिल्हा मोडून सिरोंचा चांदा जिल्ह्यास जोडला गेला. चांदा मध्यप्रांतात होता, १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. चांद्याचे चंद्रपूर झाले. आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा कोटा गडचिरोलीत गेले. गाव जागचे हलले नाही. चिठ्ठीवर लिहायचा पत्ता मात्र पुनःपुन्हा बदलला. त्यातच जुन्या इंग्रजी लेखनात गावाच्या नावापुढे एक 'ह' जोडलेला आढळतो, तसाच राजस्थानातील कोटा शहराच्या नावापुढेही. संग्रहालयातील नव्या कर्मचाऱ्याने अशी चिठ्ठी पाहून नमुना चंबळेकाठी नोंदवला, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. पिसदुऱ्याचे नावही जुन्या लेखांत 'पिजदुरा' असे येते, आणि दोन्ही रूपे एकाच गावाची आहेत हे ज्याला ठाऊक नाही तो दोन स्थळे मोजतो.

ही झाली अजाणता होणारी चूक. चिठ्ठी जाणूनबुजून खोटी लिहिली तर काय होते, याचे जगातील एक कुप्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्राशीच निगडित आहे. वन पिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली नामांकित केला. त्याचा प्ररूप नमुना एफ. आर. ब्लेविट यांनी आदल्या वर्षी, आज छत्तीसगडात असलेल्या बसना भागात मिळवला होता. त्यानंतर खानदेशातून जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने जमवले. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. अपवाद होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्याचा, ज्यावर गुजरातमधील मांडवी आणि १९१४ साल लिहिलेले होते. अनेक वर्षे पक्ष्याचा शोध या चिठ्ठीच्याही आधारे घेतला गेला. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उघड झाले, की तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच जुना नमुना असून, पुन्हा नव्याने भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली आहे. खोटी चिठ्ठी बाजूला काढून केवळ विश्वसनीय चिठ्ठ्यांवरील स्थळी शोध घेतला गेला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनंतर, शहाद्याजवळच्या जंगलात वन पिंगळा जिवंत आढळला. जिवंत पक्षी निदान उडून दुसरीकडे भेटू शकतो. जीवाश्माच्या बाबतीत चिठ्ठी चुकली तर थर चुकतो, आणि थर चुकला की काळच कोट्यवधी वर्षांनी चुकतो.

प्ररूप स्थळ :

प्ररूप नमुने हरवतात. जबलपूर येथील हाडांवरून मॅटली यांनी १९२० च्या दशकात नामांकित केलेल्या 'लमेटासॉरस' या प्राण्याचे प्ररूप आज उपलब्ध नाही. त्यात मुळात एकाहून अधिक प्राण्यांची हाडे मिसळली होती की काय, हा वाद हाडे समोर असती तर मिटवता आला असता. 'टायटॅनोसॉरस इंडिकस'चा प्ररूप मणकाही दीर्घकाळ गहाळ मानला जात होता. धनंजय मोहबे व सुभाशिस सेन यांना तो २०१२ साली कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्याच संग्रहात गवसला आणि २०१३ साली 'करंट सायन्स'मध्ये त्याची वार्ता प्रसिद्ध झाली. हरवला होता तो मणका नव्हे, त्याची नोंद.

मूळ प्ररूप खरोखर नष्ट झाला आणि नावाविषयी वाद असेल, तर संहितेनुसार नवा नमुना प्ररूप म्हणून नेमता येतो. त्याची एक अट येथे अत्यंत महत्त्वाची आहे : शक्यतो तो नमुना मूळ प्ररूप स्थळाच्या जास्तीत जास्त जवळून मिळालेला असावा. म्हणजेच लंडनचे किंवा कोलकात्याचे कपाट रिकामे झाले, तर शास्त्राला पुन्हा पिसदुऱ्याच्या, डोंगरगावच्या, कोट्याच्या मातीकडे यावे लागेल. स्थळ शाबूत असेल तरच हा मार्ग खुला राहतो. लमेटा थर अनेक ठिकाणी जेमतेम काही मीटर जाडीचा आणि मऊ मातीचा आहे. शेताचे सपाटीकरण, रस्त्यासाठी मुरूम उचलणे, हौसेपोटी वरवरचे तुकडे गोळा करून नेणे, यांपैकी कोणतीही गोष्ट तो विस्कटण्यास पुरेशी ठरते. यात शेतकऱ्याचा दोष मानणे अन्यायाचे होईल. त्याच्या बांधावरील गोल दगडाला जगाच्या ग्रंथांत नाव आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा सूचना व हरकतींसाठी प्रसिद्ध केला होता. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे वनविभागाने जीवाश्म उद्यान उभारले आहे, ते स्वागतार्ह आहे. वरोरा तालुक्यातील स्थळांची अडचण वेगळी. ती शेतांत आहेत, आणि खाजगी शेताला कुंपण घालून उद्यान करता येत नाही. तेथे उपयोगी पडेल ते साधे काम : कोणत्या गट क्रमांकात कोणता थर उघडा आहे याची नोंद, सापडलेल्या तुकड्याचे जागेवरच छायाचित्र, तारीख, खोली, आणि उचलणाऱ्याचे नाव. जिल्ह्यातील महाविद्यालयांचे भूगोल व प्राणिशास्त्र विभाग हे काम सहज करू शकतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

एकदा लुटून झालेल्या स्थळात आता काय उरले असणार, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर विष्ठाश्मांनी दिले. पिसदुऱ्याचे हे गोळे हिस्लॉप यांच्या काळापासून ज्ञात होते. मॅटली यांनी १९३९ साली त्यांच्या आकारावरून त्यांची प्रकारवार मांडणी केली. त्यानंतर कित्येक दशके ते कुतूहलाची वस्तू यापलीकडे गेले नाहीत. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात या विष्ठाश्मांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण होते, आणि ते एका नव्हे तर गवतकुळातील अनेक शाखांचे होते. गवत हे डायनोसॉर लुप्त झाल्यानंतर पसरले, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलावी लागली. त्याच दिशेच्या पुढील संशोधनात, २०११ साली, भाताच्या गोत्राशी संबंधित गवताचेही अवशेष ओळखले गेले. विदर्भाच्या पूर्वेकडील धानाच्या मुलुखातून हा पुरावा मिळावा, हा योगायोगच. ज्या गोळ्यांतून तो मिळाला, तसे गोळे पहिल्या पावसानंतर पिसदुऱ्याच्या शेतांत आजही वर येतात.